पाण्याची खूण

२०१७ सालचा ऑगस्ट महिना. पनवेलजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री हिंडताना दिसली. निळी म्हणजे खरोखरच निळी. लोकांनी फोटो काढले, ते वर्तमानपत्रांत छापून आले. चौकशी झाली. एका कारखान्यातला निळा रंग त्या कुत्र्यांच्या अंगाला लागला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला.

तळोज्याच्या पाण्याविषयी लोकांच्या तक्रारी काही त्या दिवशी सुरू झाल्या नव्हत्या. कासाडी नदीला वास येतो, मासळी मिळत नाही, असे कोळी बांधव कितीतरी दिवस सांगत होते. पण नदीत अनेक नाले येऊन मिळतात. कोणत्या नाल्यात कोणाची घाण, हे पाण्याकडे पाहून कळत नाही. निळा रंग मात्र लपला नाही. कारखान्यातली वस्तू बाहेर पडली आहे, हे मुक्या जनावरांच्या अंगावरून साऱ्या गावाने पाहिले.

ही झाली जमिनीवरची गोष्ट. जमिनीखाली कुत्री हिंडत नाहीत. तिथे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे आपल्याला दिसत नाही. विहिरीत डोकावले तर पाणी नितळ दिसते. पण शेजारच्या संडासाच्या खड्ड्यातून झिरपलेले पाणीही नितळच असते. मातीतून येताना गाळ मागे राहतो, रोगाचे जंतू मात्र पाण्याबरोबर पुढे येऊ शकतात.

तेव्हा विहिरीच्या पाण्याविषयी प्रश्न दोन आहेत. पाणी दूषित आहे काय, हा पहिला. दूषित असेल तर ते कोठून दूषित होते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बाटलीत मिळते. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी एक सोपी तपासणी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एकदोन दिवसांत पाणी काळे पडले, तर त्यात मैल्याचा अंश आहे असे समजायचे. ही बाटली आज खेड्यापाड्यांत वापरतात. पण ती काळी पडली तरी कोणाच्या खड्ड्यामुळे पडली हे ती सांगत नाही. ते शोधायला दुसरी युक्ती लागते. तीच या पाठात पाहू या.

परिटाची खूण

पूर्वी परीट घरोघरचे कपडे एकत्र करून धुण्यासाठी नेत असत. शंभर घरांची पांढरी धोतरे एकाच भट्टीत पडत. तरी ज्याचे धोतर त्याच्याच घरी परत येई. कसे? परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची बारीक खूण घालून ठेवी.

बिब्ब्याचीच खूण का? कारण ती धुतल्याने जात नाही. ती बारीक असली तरी ओळखू येते. कपड्यावर तसा डाग आधी नसतो. आणि बेताने लावली तर कपडा फाटत नाही.

पाण्याला अशीच खूण घालता येते. ज्या खड्ड्याचा संशय असेल त्यात आपल्या ओळखीचा एखादा पदार्थ टाकायचा आणि विहिरीवर वाट पाहत बसायचे. तो पदार्थ विहिरीत आला, म्हणजे खड्ड्याचे पाणीही विहिरीत येते. याला आपण खुणेचा पदार्थ म्हणू. त्याला अटी परिटाच्याच. तो विहिरीत आधीपासून नसावा, निदान फार नसावा. मातीला चिकटून वाटेत राहू नये, पाण्याबरोबर चालावा. थोडा असला तरी ओळखू यावा. आणि पोटात गेला तर अपाय करू नये. ही शेवटची अट मोडून कोणी कापडाचा रंग किंवा होळीचा रंग विहिरीजवळ ओतू नये. असल्या रंगांत विषारी द्रव्ये असतात. विहिरीचा रोग शोधायला जाऊन विहिरीलाच विष घालायचे, यात काय हशील?

मीठ आले, पीठ आले नाही

ही युक्ती फार जुनी आहे. स्वित्झर्लंड देशात बाझेल शहराजवळ लाउझेन नावाचे गाव आहे. १८७२ साली तेथे विषमज्वराची साथ आली. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. गावची वस्ती सुमारे ८०० आणि आजारी पडली शंभराहून अधिक माणसे. गावात त्यापूर्वी अशी साथ कोणाच्या आठवणीत नव्हती. सारे गाव एका झऱ्याचे पाणी पीत असे. ज्या थोड्या घरांना स्वतःच्या विहिरी होत्या, त्या घरांत ताप शिरला नाही. म्हणजे दोष झऱ्यात होता. पण झरा तर डोंगराच्या पायथ्याशी, स्वच्छ, झाकलेला. त्यात घाण येणार कोठून?

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक शेतघर होते. तेथे साथीच्या आधी माणसे तापाने आजारी होती. त्या घरची घाण शेजारच्या ओढ्यात जाई. त्या ओढ्याचे पाणी लोक गवताच्या कुरणांना देत. काही वर्षांपूर्वी त्या ओढ्यालगत जमीन खचून एक भोक पडले होते. ओढ्याचे पाणी त्यात नाहीसे झाले आणि इकडे लाउझेनचा झरा वाढला, हे गावकऱ्यांना आठवत होते. हेग्लर नावाच्या डॉक्टरांनी ते धरले.

त्यांनी भोक पुन्हा मोकळे करून ओढा त्यात सोडला. काही तासांत लाउझेनच्या झऱ्याचे पाणी वाढले. मग त्यांनी पोत्यांनी मीठ पाण्यात विरघळवून भोकात ओतले. झऱ्याचे पाणी खारट झाले! डोंगराच्या एका अंगाला ओतलेले मीठ दुसऱ्या अंगाला निघाले. आता शंका उरली नाही.

पण डॉक्टर येथे थांबले नाहीत, म्हणून मला ते फार आवडतात. त्यांनी मग पोत्यांनी पीठ पाण्यात कालवून त्याच भोकात ओतले. झऱ्यावर पिठाचा कणसुद्धा आला नाही. म्हणजे वाटेत जमीन पाणी गाळत होती. पिठाचा कण तिने अडवला. तरी रोग अडला नव्हता. पाणी इतके गाळले गेले, नितळ झाले, तरी त्याने शंभर माणसे आजारी पाडली. त्या वेळी विषमज्वराचा जंतू कोणी पाहिलेलाही नव्हता. तो १८८० साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पिठाच्या कणापेक्षा तो फार लहान असतो.

‘आमच्या विहिरीचं पाणी बघा, आरशासारखं आहे,’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ही पिठाची गोष्ट सांगावी.

पुढे पाच वर्षांनी, १८७७ साली, जर्मनीत याहून मोठा प्रयोग झाला. डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी जमिनीत जिरते. ते बारा किलोमीटरांवरच्या आख गावच्या झऱ्यात निघते काय, असा वाद होता. दोन्हीकडचे गिरणीवाले त्यावरून भांडत होते. क्नोप नावाच्या शास्त्रज्ञाने मीठ, तेल आणि दहा किलो फ्लोरेसीन नावाचा रंग नदीत सोडला. सुमारे ६० तासांनी आखच्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले.

हे फ्लोरेसीन आजही वापरतात. एक भाग रंग कोटी भाग पाण्यात मिसळला, तरी पाण्यावर हिरवी झाक दिसते. त्याहून कमी असेल तर यंत्र ओळखते. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर डोळ्यात नारिंगी पट्टी लावतात आणि निळ्या दिव्याने पाहतात, बुबुळावर ओरखडा आहे काय ते. ती पट्टी याच रंगाची. मात्र उन्हात हा रंग उडतो. म्हणून नमुना काळ्या बाटलीत किंवा फडक्यात गुंडाळून न्यावा लागतो.

पनवेलची जमीन

आता घरी येऊ. पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे तळे, कृष्णाळे तळे, इस्राएल तळे ही नावे पनवेलकरांना ठाऊक आहेत. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, फार जुनी. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे, पण उन्हाळ्यात ते पुरत नाही. बाहेरून पाणी घ्यावे लागते, टँकर फिरतात. मग जुन्या विहिरी उपसल्या जातात आणि नवी बोरिंगे पाडली जातात. पाऊस इकडे धो धो पडतो, तरी वैशाखात हंडा रिकामाच. म्हणूनच जे पाणी घराजवळ जमिनीत आहे, ते खराब होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

येथल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थिजून तो झाला. वर माती, त्याखाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला कातळ आणि मग अखंड कातळ. पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत.

वाळूची जमीन आणि भेगांचा कातळ यांत मोठा फरक आहे. वाळूत पाणी रोवळीतून गाळल्यासारखे हळूहळू सरकते, कधी दिवसाला फूटभरही नाही. भेगेत मात्र ते पन्हळीतून धावल्यासारखे जाते. विहीर आणि संडासाचा खड्डा यांत पन्नास फूट अंतर ठेवावे, असे आपण ऐकतो. ते ठेवावेच. पण भेग नेमकी खड्ड्यातून विहिरीकडे जात असेल, तर पन्नास फूट काय आणि शंभर फूट काय! उलट, वीस फुटांवरचा खड्डा भेगेच्या वाटेवर नसला, तर त्याचे पाणी विहिरीत येणारही नाही. जमिनीचा उतार वरून दिसतो, भेगेचा दिसत नाही. म्हणून नुसत्या अंदाजाने कोणावर आळ घेऊ नये.

वाडीतला खटला

समजा, गाढी नदीच्या काठी एक वाडी आहे. मध्ये जुनी विहीर. विहिरीपासून साठ फुटांवर, खालच्या अंगाला, एका एकट्या बाईचे घर आहे. तिने नवा संडास बांधला, त्याचा शोषखड्डा तेथेच. वरच्या अंगाला, दीडशे फुटांवर, नवी चाळ उठली आहे. तिचाही शोषखड्डा आहे. पावसाळ्यात वाडीतल्या पोरांना हगवण लागली. विहिरीच्या पाण्याची बाटली काळी पडली. सगळ्यांनी त्या बाईकडे बोट दाखवले.

वाडीतली आजी म्हणते, “माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून आम्ही ह्याच विहिरीचं पाणी पितो. हिचा खड्डा झाला आणि पोरं आजारी पडली. आणखी काय पुरावा पाहिजे?”

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक म्हणतो, “आजी, चाळीचा खड्डाही यंदाच झाला.”

“चाळ लांब आहे रे बाबा.”

“लांब आहे, पण वर आहे. आपण भांडण्यापेक्षा पाण्यालाच विचारू या की.”

पाण्याला कसे विचारायचे? मिठाने. मीठ स्वस्त, घरोघर असणारे, मातीला न चिकटणारे. आणि पाण्यात मीठ वाढले की टीडीएस मीटरचा आकडा वाढतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचे हे पेनाएवढे यंत्र घरी पाण्याचे मशीन बसवायला येणाऱ्या माणसाजवळ असते. दुकानातही मिळते.

पण मीठ टाकण्याआधी एक काम आहे, आणि नेमके तेच लोक विसरतात. आधी पंधरा दिवस रोज एकाच वेळी विहिरीचा आकडा वहीत लिहायचा. का? कारण विहिरीत थोडे मीठ आधीपासून असतेच. खाडीजवळच्या विहिरीत ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाढते. मोठा पाऊस झाला की कमी होते. आपल्या विहिरीची सवय आपल्याला माहीत नसेल, तर वाढलेला आकडा आपल्या मिठाचा की उधाणाचा, हे कसे कळणार? आणखी एक करावे. खड्ड्यांपासून दूर असलेली दुसरी एखादी विहीर निवडून तिचाही आकडा रोज लिहावा. दोन्ही विहिरींचे आकडे एकदम वाढले, तर कारण काही वेगळेच आहे असे समजावे.

मीठ किती टाकायचे? हिशेब करू. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल आहे. व्यासाचे अर्धे दीड. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. त्याला ३.१४ ने गुणले आणि मग खोलीच्या २ ने गुणले. झाले सुमारे १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर पाणी. त्यात एक किलो मीठ पोचले, तर प्रत्येक लिटरमागे सुमारे ७० मिलिग्रॅम वाढ होईल. पंधरा लिटरच्या हंड्यात एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ. जिभेला ते कळणार नाही. मीटरला मात्र स्पष्ट कळेल. पण टाकलेले सगळे मीठ विहिरीत येत नाही. बरेचसे दुसरीकडे जाते, बरेचसे फार हळू येते. दहावा हिस्सा येईल असे धरले, तर दहा किलो टाकावे.

मीठ कोरडे टाकू नये. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो मीठ विरघळवून ते पाणी खड्ड्यात सोडावे आणि मागून चारपाच पिंपे साधे पाणी सोडावे. खारे पाणी जड असते. मागून पाणी दिले नाही तर ते तळाशीच बसून राहते. खड्ड्याच्या कडेला नारळ, केळ असेल तर जपावे. आणि हे सारे वाडीला आधी सांगून करावे. रात्री गुपचूप केलेल्या तपासणीवर सकाळी कोणी विश्वास ठेवत नाही.

दोन खड्ड्यांचा संशय असेल तर दोन्हींत एकाच दिवशी मीठ टाकणे हा शुद्ध वेडेपणा होय. मीठ आले तर ते कोणाचे, हा वाद पुन्हा उभा राहील. एकात मीठ आणि दुसऱ्यात फ्लोरेसीन टाकता येते, पण रंगाचे काम जाणकारांच्या हातून व्हावे. नाहीतर आधी एकात मीठ टाकावे आणि आकडा पूर्वीसारखा झाल्यावर दुसऱ्यात.

वही काय सांगते

वाडीने आधी त्या बाईच्या खड्ड्यात मीठ सोडले. विहिरीचा आकडा पूर्वी ३१० ते ३२० असे. तीन आठवडे तो तेवढाच राहिला. मग चाळीच्या खड्ड्यात मीठ सोडले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी ३३५. पाचव्या दिवशी ३६०. सहाव्या दिवशी ३७५. पुढे ३५०, ३३०, आणि दहाव्या दिवशी पुन्हा ३१५. दूरच्या विहिरीचा आकडा या दिवसांत हलला नाही.

वहीतले हे आकडे नीट पाहा. ते चढले आणि उतरले, टेकडीसारखे. खुणेचा पदार्थ एकदाच टाकलेला असतो, म्हणून तो येतो आणि निघून जातो. आकडा नुसता चढतच राहिला असता, तर संशय खारट पाण्याचा घ्यावा लागला असता. येथे चाळीच्या खड्ड्याचे पाणी विहिरीत येते हे ठरले. कमीत कमी वेळ तीन-चार दिवस, हेही कळले. रोगाचे कित्येक जंतू पाण्यात इतके दिवस सहज जगतात.

आणि ती बाई निर्दोष ठरली काय? येथे जपून बोलले पाहिजे. तिच्या खड्ड्याचे मीठ तीन आठवड्यांत आले नाही, एवढेच आपण पाहिले. ते पाचव्या आठवड्यात येईल काय? भर पावसात जमीन पाण्याने भरली, म्हणजे नव्या भेगा वाहू लागतात, तेव्हा येईल काय? मीठ आले तर वाट आहे, हे नक्की. मीठ आले नाही तर वाट नाही, हे नक्की नाही. तिच्यावरचा संशय पुष्कळ कमी झाला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा तपासणी करावी म्हणजे झाले. पण ज्या आजीने पुरावा मागितला नव्हता, तिने आता त्या बाईकडे जाऊन चहा घ्यायला हरकत नाही.

तपासणी पुरी होईपर्यंत पाणी कसेही प्यावे असे मात्र नाही. बाटली काळी पडली त्याच दिवसापासून पाणी उकळून प्यावे आणि विहिरीत टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकावी. खुणेचे काम सावकाश चालते, पोराचे पोट थांबत नाही.

घरातल्या खुणा

काही वेळा आपल्याला काही टाकावे लागत नाही. घाणीत आपली खूण आधीपासूनच असते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पुडीत एक द्रव्य घालतात. जांभळ्या दिव्याखाली ते निळसर चमकते. नोटा तपासायला दुकानदार जो दिवा ठेवतात, तोच हा. धुण्याच्या पुडीचा स्पर्श न झालेला साधा कापूस जाळीच्या पिशवीत घालून आठवडाभर विहिरीत सोडतात. मग तो साध्या पाण्याने धुऊन, अंधारात दिव्याखाली पाहतात. तो चमकला तर मोरीचे पाणी विहिरीत येत असावे. शेजारी न वापरलेला कापूस ठेवून दोन्ही पाहावेत, नाहीतर डोळा फसतो. हा दिवा डोळ्यांवर धरू नये.

मोठ्या प्रयोगशाळेत याहून नवल करतात. चहातले कॅफीन आणि साखरेऐवजी खाण्यात येणारी गोड द्रव्ये माणसाच्या मूत्रातून सांडपाण्यात जातात. ती विहिरीच्या पाण्यात सापडली, तर ते पाणी माणसांच्या वस्तीतून आले हे समजते. गुरे काही चहा पीत नाहीत!

पेट्रोल आणि कारखान्याचे पाणी

पनवेलवरून मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा हे दोन्ही रस्ते जातात. रस्त्यांवर पेट्रोलपंप आहेत. त्यांच्या टाक्या जमिनीखाली असतात. टाकी गंजली किंवा नळाचा सांधा सुटला, तर पेट्रोल मुरमात जिरते. वरून काही दिसत नाही. पंपावर रोज टाकीत काठी घालून माप घेतात, पण बारीक गळती मापात येत नाही.

येथेही खूण कामी येते. टाकीतल्या पेट्रोलात एक लवकर उडणारे द्रव्य अगदी थोडे मिसळतात. ते पेट्रोलात आधी नसते. टाकीभोवती जमिनीत बारीक नळ्या पुरतात. काही दिवसांनी त्या नळ्यांतली हवा ओढून घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. त्या हवेत खुणेच्या द्रव्याचा अंश आढळला, तर टाकी गळते. टाकी रिकामी करायला नको, खणायलाही नको. कोणत्या नळीत खूण जास्त, त्यावरून गळतीची जागाही ठरवता येते. एका टाकीत एक द्रव्य, दुसरीत दुसरे, म्हणजे कोणती गळते ते कळते. वाडीच्या दोन खड्ड्यांचाच हा न्याय.

पुरलेल्या नळातली गळती शोधायला किरणोत्सर्गी पदार्थही खूण म्हणून वापरतात. खाडीपलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी धरणांचा पाझर आणि झऱ्यांची वाट अशा उपायांनी शोधली आहे. हे काम सरकारी परवानगीने त्या शास्त्रातली माणसेच करतात.

आपल्या विहिरीवर तेलाचा तवंग दिसला, पेट्रोलचा वास आला, तर विहिरीजवळ काडी ओढू नये, विडी ओढू नये, खाली माणूस उतरवू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि त्याची वाफ विहिरीत कोंडते. पाणी वापरणे बंद करून ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला आणि पोलिसांना लगेच कळवावे.

आणि हे पाणी उकळून भागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, रसायने मरत नाहीत. पाणी आटते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात काही रसायने अधिक दाट होतात. नायट्रेट हे त्यांपैकी एक. मैला आणि खत यांतून ते विहिरीत येते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. अधिक असले तर तान्ह्या मुलांना धोका असतो. ते चवीने कळत नाही. कारखान्याजवळच्या विहिरीचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. नमुना देताना विहिरीची जागा, तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस होता काय, हे चिठ्ठीवर लिहून बाटलीला बांधावे. चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे खूण नसलेले धोतर.

अभ्यास

तुमच्या विहिरीचा व्यास ४ मीटर आहे आणि पाणी १ मीटर खोल आहे. तिच्यात किती लिटर पाणी आहे? त्यात २ किलो मीठ आले, तर लिटरमागे किती मिलिग्रॅम वाढ होईल? हिशेब वहीत करा आणि शिक्षकांना दाखवा.

डॉक्टर हेग्लर यांनी पीठ कशासाठी ओतले? तुमच्या शब्दांत पाच ओळी लिहा.

तुमच्या वाडीचा नकाशा काढा. त्यात विहीर, बोरिंग, शोषखड्डे, गटार आणि गोठे दाखवा. विहिरीपासून प्रत्येकाचे अंतर पावलांनी मोजून नकाशावर लिहा. उद्या सकाळपासून पंधरा दिवस विहिरीचा आकडा कोण लिहिणार, त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर घाला.